डॉक्टर बाबूजींची खुर्ची

आमच्या बुऱ्हाणपुरात डॉक्टर आजारी पडला म्हणून त्याचा दवाखाना बंद पडत नाही. बाहेरगावच्या डॉक्टरांना मी हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात, पण त्यांना नीट कळलेलं नसतं. त्यांना वाटतं, आजूबाजूचे लोक त्याचे पेशंट वाटून घेत असतील. तसं अजिबात नाही. आमच्या डॉक्टरांच्या संघटनेचा रिवाजच आहे की जो आडवा झाला, त्याच्या खुर्चीत बाकीच्यांनी पाळीपाळीने जाऊन बसायचं. दवाखाना त्याचा, पाटी त्याची, फी त्याच्याच गल्ल्यात. बसणाऱ्याने एकाही पेशंटला 'उद्या माझ्याकडे या' म्हणायचं नाही. खोलीतली वस्तू हलवायची नाही, पंख्याचा वेगसुद्धा बदलायचा नाही. एकदा आमच्यातल्या एकाने कुणाच्या तरी टेबलावरचा देवाचा फोटो डावीकडचा उजवीकडे केला होता, तर त्याला भर सभेत ऐकून घ्यावं लागलं. ह्याला आम्ही खुर्ची सांभाळणं म्हणतो.

त्या उन्हाळ्यात खुर्ची सांभाळायची वेळ आली ती डॉक्टर बाबूजींची. सिंधीपुऱ्याच्या पलीकडे एका अरुंद रस्त्यावर त्यांचा दवाखाना आहे. साधी एमबीबीएसची पदवी, पण यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या तीन पिढ्या त्यांनी बघितलेल्या. कुणाच्या आज्याला दमा होता आणि कुणाच्या आईला कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठतं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, इंदूरला नेलं, आणि बायपास करायचं ठरलं. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी फोन करून एकच विचारलं, "खुर्ची रिकामी तर राहणार नाही ना?"

राहणार नव्हतीच. आमच्या अध्यक्षीणबाई, म्हणजे गावातल्या बाळंतपणाच्या सगळ्यात जुन्या डॉक्टर, त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाळ्या टाकल्या. सोमवारी फिजिशियन, मंगळवारी मुलांचे डॉक्टर, बुधवारी हाडांचे, गुरुवारी त्या स्वतः, शुक्रवारी पुन्हा फिजिशियन. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. माझं नाव नव्हतं.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. आमच्या संघटनेत डोळ्यांच्या डॉक्टरला जेवणाच्या पंगतीत मान आणि कामाच्या वेळी सुट्टी. हाडांचे डॉक्टर तर तोंडावर म्हणतात, "मॅडम, आपको तो बस दो इंच का आदमी पता है." मी ताबडतोब फोन लावला.

"मला का नाही बसवलं?"

"अगं, तिथे ताप-खोकला येतो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तू तापाला ड्रॉप लिहून देशील."

"मीही एमबीबीएस शिकूनच पुढे गेलेय. थेट डोळ्यात उडी नाही मारली."

माझा आवाज चढलेला होता, हे मी कबूल करते. पण त्यात नुसता मानापमान नव्हता. मी ह्या गावची नाही. माझे वडील महाराष्ट्रातून इथल्या जवळच्या पेपर मिलमध्ये नोकरीला आले, मी मिलच्या कॉलनीत वाढले, आणि शिकून बुऱ्हाणपुरात दवाखाना टाकला तेव्हा मला इथे कुत्रंही ओळखत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी रिकाम्या बाकांकडे बघत बसायचे. मग एके सकाळी बाकं भरली. म्हाताऱ्याच म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या हातात बाबूजींची चिठ्ठी, 'हिला बरोबर दिसत नाही, तूच बघ.' ह्या माणसाची खुर्ची सांभाळायची आणि मी घरी बसायचं? शेवटी मला शनिवार मिळाला. शनिवारी गिऱ्हाईक कमी असतं, असं हाडांच्या डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं आणि खाली हसरे चेहरे टाकले.

बाबूजींच्या दवाखान्यात खरी सत्ता मावशींची. त्या औषधं देतात, पट्ट्या बांधतात, नंबर लावतात आणि येणाऱ्या डॉक्टरला शिस्त लावतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, बाबूजीसुद्धा. शनिवारी मी पोचले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मॅडम, तुमी बसा. पर बाबूजी पयले जीभ पाहतात, मंग पोट, मंग सुई. तसंच करजा. लोकाइले सवय हाये."

मी बसले. जीभ, पोट, सुई. पण हात आपलं वळण सोडत नाहीत. समोर माणूस बसला की माझा अंगठा आपोआप त्याच्या खालच्या पापणीवर जातो आणि मी म्हणते, वर बघा. खोकल्यासाठी आलेल्या आजोबांनाही मी वर बघायला लावलं. मावशींनी दारातून कपाळावर हात मारून घेतला.

मग एक यंत्रमागवाला आला. भूक नाही, मळमळतंय, अंग मोडल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात असं म्हणणारे पन्नास येतात. मी त्याला वर बघ म्हटलं आणि माझा हात थांबला. डोळ्याच्या पांढऱ्यावर पिवळी झाक होती. मी त्याला उठवून दाराशी नेलं, कारण ट्यूबच्या उजेडात असा पिवळेपणा फसवतो, तो दिवसाच्या उजेडातच बघावा लागतो. बाहेर तर तो आणखी स्पष्ट दिसला. कावीळ. त्याला मी तपासण्या लिहून दिल्या. थोड्या वेळाने एक शाळकरी मुलगी आली. तीच तक्रार, तसेच डोळे. मग तिच्या शेजारची बाई आली. तिचेही तसेच. तिघंही एकाच गल्लीतले, मावशी राहतात त्या.

आता खरं सांगायचं तर मला सरळ आनंद झाला. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण डॉक्टर लोकांना असा आनंद होतो. काहीतरी सापडल्याचा. इतक्या वर्षांत डोळ्यांच्या डॉक्टरला गावासाठी काही सापडलं आहे, आणि आज संध्याकाळी नेमकी आमची महिन्याची सभा आहे. मी दुपारभर मनातल्या मनात भाषण घोकत होते.

दुपारी मावशींची मुलगी त्यांचा डबा घेऊन आली होती. बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. डबा ठेवून ती मला "नमस्ते मॅडम" म्हणाली आणि लगेच भिंतीला टेकली. "हिले काही जात नाही," मावशी म्हणाल्या, "म्हनते वास येतो." मी म्हटलं, गरोदरपणात होतं असं. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि ती निघून गेली.

सभा अध्यक्षीणबाईंच्या हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये असते. आधी कचोरी आणि मावा जिलबी, मग ज्ञान. मी गेले तेव्हा सगळे प्लेटा घेऊन उभे होते आणि बाबूजींच्या खुर्चीचीच चर्चा चालली होती. मी खाण्याआधीच जाहीर केलं, "आज मी बाबूजींच्या दवाखान्यात तीन पिवळे डोळे बघितले."

"तीन? एकाला एकच होता का?" हाडांचे डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. फिजिशियन मात्र हसले नाहीत. त्यांच्या हातातली जिलबी तोंडापाशी थांबली होती.

"कुठली गल्ली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"सोमवारी त्याच गल्लीतले चारजण माझ्याकडे आले होते. भूक नाही, तोंड कडू. मी अॅसिडिटीचं औषध दिलं."

मुलांचे डॉक्टर म्हणाले, "मंगळवारी तीन पोरं होती. ताप आणि उलटी. मी व्हायरल म्हटलं." हाडांच्या डॉक्टरांनी प्लेट खाली ठेवली. बुधवारी त्यांच्याकडे अंगदुखीवाले आले होते, त्यांनी सगळ्यांना कॅल्शियम आणि मलम लिहून दिलं होतं. मग अध्यक्षीणबाईंनी आपलं सांगितलं. गुरुवारी एका नव्या नवरीला मळमळतंय म्हणून सासू घेऊन आली होती आणि बाईंनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला होता. सासूने तर घरी जाऊन पेढेही वाटले असतील.

असा आमचा प्रकार. पाच शहाणी माणसं एकाच खुर्चीत बसली आणि प्रत्येकाला समोर आपापल्या पाटीवरचाच रोग दिसला. बाबूजी असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोट ठेवलं असतं, कारण सोमवारचा माणूस आणि मंगळवारचं पोर त्यांच्या एकाच डोक्यात गेलं असतं. आम्ही त्यांची खुर्ची सांभाळली, पंखासुद्धा हलवला नाही, पण डोकं प्रत्येकाने आपलंच नेलं. आणि मी काही हुशार म्हणून मला दिसलं नाही. शनिवारपर्यंत रोग पिकून पिवळा झाला होता, आणि माझा अंगठा सवयीने पापणीवर गेला होता, इतकंच. पण हे मी त्या वेळी बोलले नाही.

"पाणी," फिजिशियन म्हणाले. "पाण्यातून येणारी कावीळ आहे."

आणि मग मला एकदम आठवलं ते सांगायलाच हवं. मी म्हटलं, "मावशी दवाखान्याचा माठ घरून भरून आणतात."

 आठवडाभर प्रत्येकाने त्या माठातलं गार पाणी प्यायलं होतं. मावशी आग्रहच तसा करतात. सगळ्यांचे हात एकदम आपापल्या पोटावर गेले. पाच डॉक्टर, पाचही पोटं धरून उभे. मला हसू फुटलं, पण माझाही हात तिथेच होता.

अध्यक्षीणबाई मात्र दुसरंच काही बघत होत्या. "त्या गल्लीत पोटुशी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. ही कावीळ बाकीच्यांना काही आठवडे झोपवते आणि सोडून देते. गरोदर बाईला, शेवटच्या महिन्यांत, ती सोडतेच असं नाही. आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. हे आम्ही सगळे पुस्तकात शिकलो होतो. आणि सातव्या महिन्याची एक मुलगी आज दुपारी माझ्यासमोर भिंतीला टेकली होती.

"मावशींची मुलगी," मी म्हटलं. "तिला वास येतो म्हणत होत्या."

अध्यक्षीणबाईंनी पर्स उचलली. "उजेड आहे अजून?"

खिडकीबाहेर अजून उजेड होता. उन्हाळ्यात संध्याकाळ जरा रेंगाळते. सभा तिथेच सुटली. कुणी कुणाच्या गाडीत, कुणी स्कूटरवर, मुलांचे डॉक्टर तर आपली गाडी विसरून माझ्या मागे बसले आणि वाटभर म्हणत होते, मॅडम, जरा हळू. मी काही हळू चालवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावून आम्ही चालत आत शिरलो. दोन्ही बाजूंनी माग चालू होते, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. आम्ही जात होतो तसे लोक एकेक माग बंद करून बाहेर येत होते, आणि आमच्या मागे गल्ली गप्प होत गेली.

मावशींनी दार उघडलं. दारात आम्ही सगळे. त्यांनी एकेकाचं तोंड बघितलं आणि दाराची चौकट धरून खाली बसल्या.

"बाबूजी गेले," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही मावशी," मी वाकून म्हटलं. "बाबूजी ठीक आहेत."

"मंग येवढे डॉक्टर कशाले आले? झूट नका बोलू मॅडम." त्या रडायला लागल्या. कितीही सांगितलं तरी त्यांना पटेना. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी इंदूरला बाबूजींच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि पलंगावर उशीला टेकून बसलेले बाबूजी दाखवले. बाबूजींनी पडद्यावरून विचारलं, "मावशी, दवाखाना कौन देख रहा है?" तेव्हा कुठे त्यांचं रडणं थांबलं. आणि बाबूजी ठीक आहेत हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न आला, तो बघवत नव्हता. हे सगळे बाबूजींसाठी आले नाहीत, तर मग कुणासाठी?

मी थेट विचारलं, "तुमची मुलगी कुठे आहे?"

ती आतल्या खोलीत आडवी होती. खोलीत पिवळा बल्ब होता, त्या उजेडात सगळंच पिवळं. मी तिला उठवलं आणि म्हटलं, गच्चीवर चल. जिना लोखंडी, अरुंद, ती एकेक पायरी थांबून चढत होती आणि मागे मी तिच्या पाठीला हात लावून. पश्चिमेकडे आभाळ अजून उजळ होतं. मी तिला तिकडे तोंड करून उभी केली. अंगठा पापणीवर ठेवला. वर बघ.

दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर, कुणीतरी हळदीचं बोट पुसल्यासारखं दिसत होतं. अगदी पुसट. अर्ध्या तासाने तेही दिसलं नसतं.

मी गच्चीवरून खाली वाकून अध्यक्षीणबाईंना नुसती होकाराची मान हलवली. त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला मी माझ्याकडे नेते. आत्ता."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्या गल्लीत नळ येण्याचा दिवसही. मला तो रविवार फार आवडतो, आजही. आमच्या संघटनेचे लोक एरवी रविवारी दहाशिवाय दिसत नाहीत. त्या दिवशी उजाडताच सगळे गल्लीत हजर. उन्हाळ्यात पाण्याला जोर नसतो, म्हणून घरोघरी नळाला टुल्लू पंप लावतात. मोटर लावली की पाणी ओढून घेते, आणि लाइन कुठे फुटलेली असेल तर पाण्याबरोबर गटारही ओढून घेते. आधी मोटरी बंद करणं भाग होतं. कोण ऐकणार?

"मोटर बंद केली तं पाणी वर कसं येईन?" एका बाईने मला विचारलं.

"नाही येणार," मी म्हटलं. "आज खालीच भरा. वर मी नेऊन देते."

हे बोलताना मला वाटलं नव्हतं की ती खरंच हंडा माझ्या हातात देईल. तिने दिला. मग दुसरीने फिजिशियनच्या हातात दिला. त्या सकाळी गल्लीतल्या बायकांनी गावच्या अख्ख्या वैद्यकीय मंडळाकडून पाणी भरून घेतलं, आणि ते फक्त वापरायचं, धुण्याचं. पिण्यासाठी टँकर आमच्या संघटनेने मागवला होता. हाडांचे डॉक्टर दोन बादल्या घेऊन जिना चढत होते आणि सगळ्यांना सांगत होते की असं वजन उचलू नये.

मोटरी गप्प झाल्यावर पाणी खात्याची माणसं गटाराच्या कडेने चालत गेली. आम्ही त्यांच्या मागे. एका वळणावर गटाराच्या पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. तिथे खणलं. कुणीतरी स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या जोडणीचा सांधा गटारातच सैल झाला होता, आणि मोटरी लावल्या की तिथून आजूबाजूच्या घरांत गटार पोचत होतं. तो सांधा हातात धरून खात्याच्या माणसाने वर केला तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो. टाळ्याही वाजवल्या. गल्लीतले लोक आमच्याकडे वेड्यासारखे बघत होते. सडलेल्या सांध्याला टाळ्या वाजवणारे डॉक्टर त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असतील.

पुढचा आठवडा बाबूजींची खुर्ची दिवसभर भरलेली होती. आता आम्ही शहाणे झालो होतो. एकटा कुणीही बसत नसे, आणि जो उठेल तो दुसऱ्याला तोंडी सगळं सांगून उठत असे. कोण आला, कुठल्या घरातला, काय म्हणाला. पाणी उकळा, क्लोरिनच्या गोळ्या टाका, गाड्यावरचं सरबत पिऊ नका, हे सांगून सांगून आमचे घसे बसले. आसपासच्या गल्ल्यांतल्या गरोदर बायका शोधून त्यांच्या तपासण्या झाल्या. बाकी सगळ्या ठीक निघाल्या. एक सोडून.

मावशींच्या मुलीची कावीळ वाढत गेली. आधी मला वाटलं होतं, लवकर धरलं, संपलं. तसं होत नाही. ह्या रोगावर औषध नाही, नजर ठेवायची असते. अध्यक्षीणबाईंनी तिला आपल्या केबिनसमोरची खोली दिली. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती एक तपासणी आम्ही सगळे जीव मुठीत धरून बघायचो. तिचा रिपोर्ट सकाळी ग्रुपवर यायचा आणि दवाखाना उघडण्याआधी प्रत्येक जण तोच उघडायचा. तिच्या उशाशी एक लोखंडी खुर्ची होती. ठरवलं कुणी नाही, पाळ्याही कुणी लावल्या नाहीत, पण ती खुर्ची कधी रिकामी दिसली नाही. सकाळी मी, दुपारी मुलांचे डॉक्टर, संध्याकाळी फिजिशियन. मावशी खाली जमिनीवर बसायच्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणायच्या, "ते तुमची हाये."

एके सकाळी ती तपासणी बिघडली. इंदूरला न्यायची गाडी खाली उभी केली, ड्रायव्हर बसून होता.  मी मुलीच्या डोळ्यांकडे बघत होते. आता ते बघायला उजेड लागत नव्हता. तिने मला विचारलं, "मॅडम, बाळाले दिसते का आतून?"  मी म्हटलं, उजेड कळतो. तिने पोट खिडकीकडे वळवलं.

नेण्याआधी फिजिशियननी रक्त पुन्हा पाठवलं होतं. तो रिपोर्ट कालच्याइतकाच आला, वाढलेला नव्हता. इंदूरला नेणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, मुलीने भाकरी मागितली. मी जिन्यात बसून रडले. रडायचं काही कारण नव्हतं, पण रडले.

मधल्या काळात हाडांचे डॉक्टर पिवळे झाले. त्यांनी माठातलं पाणी सगळ्यांत जास्त प्यायलं होतं. ते पांघरूण घेऊन घरी पडले आणि त्यांची खुर्ची सांभाळायला ग्रुपवर पाळ्या लागल्या. ह्या वेळी माझं नाव पहिलं होतं. मी तिथे बसून तुटलेल्या हातांना पुढच्या तारखा दिल्या, आणि प्रत्येकाला वर बघायला लावलं.

श्रावणात बाबूजी परत आले. वाळले होते, पण खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी पंख्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. त्याच सकाळी मावशी नातीला घेऊन आल्या. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची पोर. बरोबर दराब्याचा, म्हणजे इथल्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, मोठा डबा. बातमी गेली आणि आम्ही सगळे धावलो. पोरगी ह्या हातातून त्या हातात फिरली. मुलांच्या डॉक्टरांनी तिची छाती ऐकली. हाडांच्या डॉक्टरांनी तिचे पाय दुमडून खुबे तपासले. फिजिशियननी पोटावर बोटं वाजवली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, मी तर आधीच सगळं बघितलंय, आणि तरी परत बघितलं. बाबूजींनी जीभ बघितली.

मी शेवटी. मी हात पुढे केले तर मावशींनी पोरगी दिलीच नाही. त्या तिला घेऊन दाराबाहेर पायरीवर गेल्या. पावसाने उघडीप दिली होती आणि रस्त्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं.

"इथं पाहा मॅडम," त्या म्हणाल्या. "आतल्या उजेडात कळत नाही."

सगळे बाहेर आले. पोरीने डोळे गच्च मिटलेले. मी अंगठा पापणीजवळ नेला आणि मागे घेतला. जबरदस्ती करायची नव्हती. आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक केळीची गाडी गेली. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पोरीकडे नाही. मग मी उन्हाच्या आड माझा हात धरला, आणि त्या सावलीत तिने हळूच डोळे उघडले.

पांढरे होते. नव्या बाळाचे असतात तसे, निळसर पांढरे.

सगळे मी काय सांगते त्याची वाट बघत उभे होते. सभेत मला कुणी गप्प करू शकत नाही, हे गावात प्रसिद्ध आहे. मी मावशींकडे बघून नुसती मान हलवली, आणि पोरीवर धरलेला हात तसाच धरून उभी राहिले.